दहाच गोळ्या द्या

माझ्या मामाचं तासगाव भागात मेडिकल आहे, गेली तीस-एक वर्षं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथं काउंटरवर बसायचो, बॉक्स फोडून रॅकला माल लावायचा, स्टॉकिस्टची बिलं जुळवायची, एक्सपायरीचा माल बाजूला काढायचा असली कामं. तेव्हा दोन प्रकारची गिऱ्हाइकं रोज बघितली आणि ती अजून डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे चिठ्ठी पुढं करणारी एखादी मावशी, चिठ्ठीवर बीपीची गोळी महिनाभराची लिहिलेली, आणि ती म्हणायची, "दादा, दहाच द्या, बाकीच्या बाजारादिवशी नेते." बाजारादिवशी ती यायचीच असं नाही. आणि दुसरा म्हणजे सर्दी-तापाचं पोरगं खांद्यावर घेऊन आलेला बाप, त्याच्या चिठ्ठीवर सात आयटम, अँटिबायोटिक, तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, भुकेचं सिरप, गॅसचं औषध, टॉनिक, व्हिटॅमिनचे ड्रॉप. बिल साडेसातशेच्या पुढं, आणि तो माणूस एक शब्द न बोलता पैसे काढून द्यायचा नाहीतर वहीत मांडायला सांगायचा, बेदाण्याचं पेमेंट आलं की देतो म्हणून.

ही दोन माणसं एकाच गावची, एकाच रांगेत उभी असायची. जिला औषधाची खरंच गरज आहे ती दहा गोळ्यांवर भागवतेय आणि ज्याच्या पोराला तापाचं औषध, पाणी आणि चार दिवस एवढंच पुरलं असतं त्याला पिशवीभर औषध. औषधांवर जास्त खर्च झाला की लोकांची तब्येत सुधारते का, हा प्रश्न कुठं निघाला की मला हे काउंटर आठवतं, कारण नुसती खर्चाची बेरीज केली तर या दोघांचे मिळून आठशे रुपये आणि त्यातल्या फक्त तीस-चाळीस रुपयांनी कुणाचं तरी आयुष्य वाढणार होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की औषधावरच्या पहिल्या काही रुपयांना जेवढं आरोग्य मिळतं तेवढं नंतरच्या लाखांना मिळत नाही, आणि आपण नेमके ते पहिले रुपये वाचवतो आणि नंतरचे लाख घालवतो. घरंही तेच करतात आणि सरकारही तेच करतं.

घरातलंच सांगतो. माझ्या आत्याला एका शिबिरात बीपी निघालं. चार-पाच महिने गोळी घेतली, डोकं दुखायचं थांबलं, बरं वाटायला लागलं, मग बंद केली. बीपीचं वाईट हे आहे की ते बहुतेकदा दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यावर दर महिन्याला पैसे घालणं ही गोष्ट गरिबाच्या घरात पटवून देणं फार अवघड असतं, त्यात पोराची फी असते, लाइट बिल असतं, मोटार जळालेली असते. तीन वर्षांनी एक दिवस पहाटे चुलीपुढं बसल्या जागी कलंडली, उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांगलीला नेलं, आधी जिथं नेलं ते हॉस्पिटल योजनेत बसत नव्हतं आणि हलवायची हालत नव्हती, एकोणीस दिवस, तीन लाख चाळीस हजार. दोन म्हशी गेल्या, सोसायटीचं कर्ज वर. आत्या जगली, पण आज सात वर्षं झाली तरी तिला भात डाव्या हातानं खावा लागतो.

मी नंतर एकदा बसून हिशोब केला. बीपीची साधी गोळी, अॅम्लोडिपिन, दोन-तीन रुपयाला मिळते, तीन धरली तरी वर्षाचे अकराशे रुपये. तीन लाख चाळीस हजारात तीनशे वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. आता कुणी म्हणेल की गोळी चालू ठेवली असती तर लकवा मारलाच नसता हे कशावरून, आणि ते बरोबर आहे, एका माणसाबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण हजार आत्या घ्या, त्यांचं बीपी दहा वर्षं ताब्यात ठेवा, त्यातल्या बऱ्याच जणींचा लकवा आणि हार्ट अटॅक टळतो, हे जगभर पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं आहे. फक्त कुणाचा टळला ते कधीच कळत नाही, म्हणून टळलेल्या लकव्याचा कुणी सत्कार करत नाही, त्याचा फोटो पेपरात येत नाही, आणि मला वाटतं राजकारण्यांना ही गोळी आवडत नाही त्याचं मोठं कारण हेच आहे.

आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, आता कव्हर पाच लाखांपर्यंत आहे. मी या योजनेच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या ओळखीतले दोन लोक तिच्यामुळे जिवंत आहेत. पण तिची रचना बघा. अॅडमिट झालात, ऑपरेशन झालं, तर सरकार हजारो-लाखो रुपये हॉस्पिटलला देतं. अॅडमिट व्हायची वेळच येऊ नये म्हणून जी रोजची गोळी लागते ती या योजनेत नाही. आयुष्मान भारतचंही तेच, घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं आणि मग तुम्ही आणि तुमचं मेडिकल. म्हणजे नस तुंबेपर्यंत खर्च तुमचा, तुंबल्यावर सरकारचा.

आणि खिशातून जातं ते किती जातं? केंद्र सरकारच्याच नॅशनल हेल्थ अकाउंट्सप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ ला हाच आकडा ६४.२ होता, म्हणजे सुधारणा आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण या खिशातल्या खर्चात सगळ्यात मोठा हिस्सा हॉस्पिटलच्या बिलाचा असेल असं आपल्याला वाटतं आणि तसं नाही, तो औषधांचा आहे. थोडं थोडं, दर महिन्याला, मेडिकलच्या काउंटरवर.

आता उलट बाजू. औषधच सगळं आहे असंही मला म्हणायचं नाही. आमच्या आजीच्या पिढीला नारू माहीत होता, पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत आठवडे काढायचे, पेरणीच्या वेळी माणूस अंथरुणात. महाराष्ट्रातली कितीतरी गावं यानं पिडलेली होती. नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. १९८३ पासून सरकारनं मोहीम काढली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या नाहीतर त्यांना कठडे घातले, हातपंप बसवले, पाणी फडक्यानं गाळून प्या म्हणून घरोघरी सांगितलं. देशातला शेवटचा पेशंट १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका गोळीविना.

टीबीचं पण तसंच आहे, जरा गुंतागुंतीचं. जर्मन डॉक्टर कॉखनं जंतू शोधला १८८२ मध्ये, त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, पेशंटपर्यंत पोचलं ते १९४० च्या दशकाच्या शेवटी, आणि तोवर इंग्लंडमधले टीबीचे मृत्यू अर्ध्याहून कितीतरी जास्त कमी झालेले होते. चांगलं खाणं, हवेशीर घरं, पेशंट वेगळे ठेवणं, यातलं नेमकं कशामुळे किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण गोळीमुळे नाही हे नक्की. आणि हे काही जुन्या इंग्लंडपुरतं नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ मध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना धान्य-डाळ देऊन बघितलं, दहा हजारांवर माणसं त्यात होती. ज्या घरांना जास्तीचं धान्य मिळालं त्यांच्यात नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, थुंकीत जंतू सापडणारा तर ४८ टक्क्यांनी. ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यातले मृत्यू पण खूप कमी. एवढं साधं, तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर. त्यानंतर केंद्रानं टीबी पेशंटला पोषणासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. मला वाटतं हा रुपया कुठल्याही नव्या मशीनवर घातलेल्या रुपयापेक्षा जास्त जीव वाचवेल.

पण "औषधानं काही होत नाही, आपलं खानपान आणि पाणी सुधारा" असं जे निसर्गोपचारवाले सांगत फिरतात त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण एचआयव्ही आठवतो. आमच्या सांगली-मिरज पट्ट्यात नव्वदच्या दशकात एचआयव्हीनं काय केलं ते त्या वेळच्या लोकांना विचारा, ट्रक चालवणारी तरुण पोरं घरी येऊन वाळून वाळून मरायची, मग दोन-तीन वर्षांनी बायको. औषध होतं, पण वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपल्यासाठी नव्हतंच. २००१ मध्ये सिप्ला या आपल्याच औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचं तेच कॉम्बिनेशन वर्षाला ३५० डॉलरला देऊ असं जाहीर केलं आणि सगळं गणित बदललं. भारतात तेव्हा औषधाच्या मूळ रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, १९७० च्या कायद्यामुळे, म्हणून हे जमलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी, म्हणजे एचआयव्हीची ही औषधं, मोफत द्यायला सुरुवात केली. तेव्हा ज्यांना लोकांनी सोडून दिलं होतं त्यातले काही आज नातवंडं खेळवतात. इथं पाणी गाळून किंवा डाळ खाऊन काही झालं नसतं, इथं गोळीच पाहिजे होती, रोज, आयुष्यभर, फुकट.

ओआरएस तसंच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या कॅम्पमध्ये कॉलरानं माणसं मरत होती, सलाईन संपलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली. आणि आपलं गडचिरोली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च ही संस्था, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाला ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. यात कुठलं महागडं औषध होतं? जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त औषधं, आणि वेळेवर ती देणारं गावातलं माणूस.

म्हणजे थोडक्यात पैशाचे आकडे एकीकडे आणि फायदा दुसरीकडे अशी अवस्था आहे. अमेरिका बघा, उत्पन्नाचा १७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आरोग्यावर घालते, २०२२ मध्ये माणशी तेरा हजार डॉलरच्या वर, आणि सरासरी आयुष्य त्या वर्षी ७७.५. जपान त्याहून खूप कमी खर्चात ८४ च्या आसपास. अमेरिकेतले आपले लोक सुट्टीला पुण्या-मुंबईला आले की परत जाताना बॅगेत चकलीबरोबर सहा महिन्यांच्या थायरॉइड-बीपीच्या गोळ्या नेतात, प्रत्येक घरात हे चालतं. शिवाय तिथं औषधांनी आयुष्य कमी केल्याचं उदाहरणही आहे, १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक बाजारात आलं, कंपनीनं ते व्यसन लावत नाही असं डॉक्टरांना सांगून खपवलं, लाखो लोक त्यात अडकले, पुढं हेरॉइन आणि फेंटानिलची नशा आली, आणि २०२१ मध्ये एका वर्षात ओव्हरडोसनं एक लाखावर माणसं गेली. त्या गोळ्यांची विक्रीही आरोग्य खर्चातच मोजली गेली होती.

अमेरिकेतलाच एक जुना प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, १९७० च्या दशकात रँड नावाच्या संस्थेनं हजारो कुटुंबांना वेगवेगळे विमे दिले, काहींना सगळं फुकट, काहींना खिशातून वाटा. फुकटवाल्यांनी साहजिकच जास्त उपचार घेतले, पण सरासरी माणसाच्या तब्येतीत फरक फारसा दिसला नाही. हे ऐकून लोक इथंच थांबतात आणि म्हणतात बघा, फुकट द्यायची गरज नाही. पण त्याच प्रयोगात पुढं असं निघालं की जे गरीब होते आणि ज्यांना बीपी होतं, त्यांना फुकट उपचारानं फायदा झाला, बीपी उतरलं आणि मरणाचा धोका कमी झाला. सरासरीत ही माणसं दिसतच नाहीत. माझ्या मामाच्या काउंटरवरची मावशी सरासरीत दिसत नाही.

केरळचं उदाहरण सगळेच देतात, पण ते नीट देत नाहीत. २०२० च्या सरकारी सॅम्पल सर्व्हेप्रमाणे हजार जन्मांमागं बालमृत्यू देशात २८, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३ आणि केरळात ६, जवळजवळ अमेरिकेइतके. आणि केरळी माणूस औषधांवर खर्च पण भरपूर करतो, खिशातला माणशी खर्च देशात सगळ्यात जास्त असणाऱ्या राज्यांत ते आहे. मग औषधं जास्त म्हणून तब्येत चांगली असं म्हणायचं का? तर नाही, क्रम उलटा आहे. आधी बायका शिकल्या, गावोगावी दवाखाने चालू राहिले, पोरं जगली, माणसं म्हातारी व्हायला लागली, आणि म्हातारपणाबरोबर शुगर-बीपी आलं, त्याची औषधं आली. जास्त जगणारा माणूस जास्त गोळ्या खातो. आपल्या शेजारच्या गोव्याचं पण बघा, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या अभ्यासात डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. उद्या गोव्यात औषधांचा खप वाढलेला दिसला तर त्यावरून गोवा निरोगी झाला असंही म्हणता येणार नाही आणि गोवा पैसे उधळतोय असंही नाही. कुठली औषधं, कुणाला आणि नियमित मिळतात का, हे बघितल्याशिवाय खपाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता त्या सात आयटमच्या चिठ्ठीकडं येतो. गावाकडं ताकदीचं सलाईन हा प्रकार ज्यानं बघितला नाही त्याला कळणार नाही. माणूस थकला, खुरपणी-काढणी झाली, की चालला दवाखान्यात, एक बाटली लावून येतो. त्या बाटलीत मीठ किंवा ग्लुकोजचं पाणी असतं, एखादं पिवळं व्हिटॅमिन टाकतात म्हणजे रंग येतो, आणि एका दिवसाची मजुरी तिथं जाते. डॉक्टर म्हणतात पेशंटच मागतो, नाही दिलं तर पुढच्या डॉक्टरकडं जातो, आणि त्यात खोटं काही नाही, मी स्वतः बायकांना म्हणताना ऐकलंय की त्या डॉक्टरला काय येत नाही, सुई पण नाही दिली. पण पेशंटला ही सवय आभाळातून लागली नाही. गॅसची गोळी प्रत्येक चिठ्ठीवर का असते, तीन-तीन औषधं एका गोळीत कोंबलेली कॉम्बिनेशन्स एवढी का खपतात, तर नुसत्या साध्या औषधाच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण असतं आणि कॉम्बिनेशन बरेचदा त्यातून सुटतं, मग कंपनी तेच पुढं करते, कंपनीचा माणूस, एमआर, डॉक्टरला तेच सांगतो, स्कीम त्याच्यावर असते. २०१६ मध्ये केंद्रानं असली ३४४ कॉम्बिनेशन्स बंद केली, कोर्टकचेरी झाली, २०१८ मध्ये ३२८, परत ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. म्हणजे वर्षानुवर्षं आपण ज्याला औषध म्हणून पैसे मोजत होतो ते गरजेचं नव्हतं किंवा धोक्याचं होतं असं सरकारच सांगतंय, आणि ते पैसे काही कुणी परत दिले नाहीत.

आणि जास्तीच्या खर्चाचं सगळ्यात काळं टोक बघायचं असेल तर बीड. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, शासनाच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. पांढरं जातंय, पोट दुखतंय एवढ्यावरून कॅन्सरची भीती घालून, मुकादमाची उचल घेऊन केलेली ऑपरेशनं, तिशी-पस्तिशीतल्या बायकांची. पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी ना आडोसा, एक खाडा झाला तर दंड, म्हणून त्या बायकांनाही वाटलं एकदाची पिशवीच नको. ज्या तक्रारीला बऱ्याचदा साध्या तपासणीनं आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी उतार पडला असता तिथं अवयव गेला आणि कर्ज आलं. कारखान्याच्या फडात संडास बांधणं हा आरोग्यावरचा खर्च आहे असं आपल्या बजेटला कधी वाटणार?

मग करायचं काय, तर यात नवीन शोध लावायची गरज नाही, शेजारच्यांनी केलेलं आहे. तामिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, मोजक्या गरजेच्या औषधांची यादी, उघड टेंडर, प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासून मगच पुढं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, किती औषध उचललं किती शिल्लक. स्ट्रिपवर सरकारचा शिक्का, म्हणजे मागच्या दारानं विकायला नको. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषध योजना चालू केली आणि ओपीडीच्या रांगा वाढल्या, कारण लोकांना कळलं की तिथं गेलं की हातात औषध पडतं. रांग वाढली हे काहींना अपयश वाटतं, मला तरी ते यश वाटतं.

आपल्याकडं काय झालं? २०१७ मध्ये खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडं दिली, लसी बनवणाऱ्या नावाजलेल्या संस्थेच्या गळ्यात सगळ्या राज्याची औषधखरेदी, टेंडरं रखडली, दवाखाने लोकलला खरेदी करत बसले, शेवटी २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात सगळे उपचार मोफत, अगदी केसपेपरसुद्धा, ही चांगली घोषणा. आणि दोन महिनेही झाले नव्हते तोवर नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. औषधं नव्हती असा आरोप झाला, औषधं होती असं सरकारनं सांगितलं, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. ते रुग्णालय आरोग्य खात्याचं की वैद्यकीय शिक्षण खात्याचं हा फरक आईबापाला काय करायचाय. आणि त्यानंतर २०२४ च्या सुरुवातीला तर टीबीची औषधं देशभरच कमी पडली, केंद्रानं राज्यांना कळवलं की तुमचं तुम्ही स्थानिक पातळीवर घ्या. टीबीच्या औषधात खंड पडला की जंतू दाद देईनासा होतो आणि मग तोच पेशंट कित्येक पट महाग औषधावर जातो. इतकं सरळ असून साठा संपतो याचा मला खरंच राग येतो.

फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, महिन्याच्या गोळ्या घ्यायला सहा किलोमीटर चालत येणारी म्हातारी बघितलेली नसते. दुसरी शंका जास्त खरी आहे, सरकारी आणि जेनेरिक औषधाच्या दर्जाची, ती मी उडवून लावणार नाही, मामासुद्धा स्वतःच्या घरी काही कंपन्यांचंच औषध वापरतो. जेनेरिकच्या स्ट्रिपवर छापलेली किंमत आणि दुकानदाराला पडणारी किंमत यात कित्येक पट अंतर असतं, त्यामुळे स्वस्त जेनेरिक पेशंटला स्वस्त पडतंच असं नाही हेही मी त्याच काउंटरवर शिकलो. स्वस्त जेनेरिकची सरकारी योजनेतली जनऔषधीची दुकानं २००८ पासून आहेत, आता हजारोंनी झालीत, भाव खरंच कमी, पण आमच्या आजूबाजूच्या खेड्यातल्या माणसाला तिथवर जायला एसटीचं भाडं औषधापेक्षा जास्त. म्हणून मी म्हणतो बॅच तपासा आणि पीएचसीत, उपकेंद्रात, आशाताईच्या पिशवीत औषध पोचवा.

हे होतं हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. बीपी नियंत्रणाचा एक सरकारी कार्यक्रम २०१८ च्या सुमाराला काही राज्यांत सुरू झाला, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. ठरलेली दोन-तीनच औषधं, ठरलेला क्रम, महिन्याची गोळी एकदम हातात, जो आला नाही त्याला फोन. देशात एरवी बीपीच्या दहातल्या जेमतेम एकाचं बीपी ताब्यात असतं, या कार्यक्रमात नियमित येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं आलं. साताऱ्याची हद्द आमच्यापासून काही फार लांब नाही. माझी आत्या त्या हद्दीच्या या बाजूला होती.

गेल्या ग्रामसभेत मी उठून विचारलं की आपल्या पीएचसीत बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मागच्या सहा महिन्यांत किती दिवस शिल्लक नव्हत्या. आधी सगळे गप्प, कारण असला प्रश्न कुणी विचारत नाही, रस्ता आणि गटार झालं की चहा. डॉक्टर मॅडम प्रामाणिक होत्या, त्यांनी सांगितलं की इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, वेळेवर जातं, माल वेळेवर येत नाही, आला तर अर्धा येतो, म्हणून त्या पेशंटला महिन्याऐवजी दहा दिवसांच्या देतात, सगळ्यांना थोड्या थोड्या पुराव्यात म्हणून. दहा दिवसांच्या, म्हणजे परत तेच. मी ठरावात लिहून घ्यायला लावलं की पीएचसीच्या दारात फळ्यावर दर सोमवारी शिल्लक साठा लिहायचा, वीस गरजेची औषधं, नावापुढं आकडा. ठराव झालाय. फळा अजून लागलेला नाही, खिळा ठोकलाय, पुढच्या सोमवारी मी परत जाणार आहे, सोबत आत्याचा मुलगा पण येतो म्हणालाय.